पंगतीतला आडवा हात

“मग फरक तरी काय, बाबा?”

रायभानने हे तिसऱ्यांदा विचारलं. भिवाबाबा डोंगरावरच्या आपल्या मठात वांगी चिरत बसले होते. त्यांनी तिसऱ्यांदाही मान वर केली नाही.

“कशात फरक?”

“हेच ना. वसतिगृहाच्या बाईंचा फोन आला, मुलीचे पालक म्हणून तुम्ही या. मी म्हटलं, बाई, मी बॉडीगार्ड आहे, माझ्याइतकं पोरीला कोण सांभाळणार? तर म्हणतात, अहो, ते वेगळं आणि पालक वेगळा. वेगळं काय आहे त्यात? माणूस सांभाळायचा, एवढंच की नाही?”

“हं...”

“साहेबांना पंधरा वर्षं सांभाळलं. अंगाला कुणाचं बोट लागू दिलं नाही. पोरीला त्याहून जास्त जपलं. साहेब अजून मला सोडायला तयार नाहीत. मग पोर का सोडून चालली?”

बाबांनी एक किडकं वांगं बाजूला टाकलं आणि पुढचं उचललं.

हा रायभान शेलार मूळचा डोंगराखालच्याच गावचा. उंची सहा फूट दोन इंच, आणि मान अशी की शर्टाचं वरचं बटण जन्मात कधी लागलं नाही. पुण्यात एका बड्या बिल्डरच्या मागे सावलीसारखं उभं राहण्याचं काम करायचा. अंगात राखाडी सफारी, तोंडावर इस्त्री केल्यासारखा भाव. लग्न केलं नाही. साहेबांच्या मागे फिरता फिरता ते राहूनच गेलं.

गेल्या वर्षी त्याची बहीण आणि मेहुणे एका अपघातात गेले, आणि त्यांची तेरा वर्षांची शिवकन्या मामाच्या घरी आली. तिला येऊन आठ महिने झाले होते. गडी वरून कितीही कडक दिसो, त्या दिवसापासून त्याचा सगळा जीव त्या पोरीत अडकला होता.

आणि आता शिवकन्या म्हणत होती, मला वसतिगृहात घाला.

तालुक्याचं गाव मठापासून तासाभराच्या वाटेवर. दुपारी चार वाजता तिला तिथे सोडायचं ठरलं होतं, आणि वाटेत रायभान तिला घेऊन मठात थांबला होता. गाडीत तिची पेटी होती, गादी होती, नवी बादली होती. ती पेटी रायभानने स्वतःच्या हाताने गाडीत ठेवली होती. तिच्याविना ते दोन खोल्यांचं घर कसं लागेल, हा विचार त्याने सकाळपासून दहा वेळा बाजूला सारला होता. पण हे तो कुणाला सांगणार? बाबांनाही त्याने फक्त फरक विचारला.

“काय काय केलंस पोरीसाठी?” बाबांनी विचारलं.

रायभान सरसावून बसला. हा प्रश्न त्याच्या आवडीचा होता.

“शाळेचे तीन रस्ते बघून ठेवलेत. एका रस्त्याने लागोपाठ दोन दिवस नेत नाही. आमच्या गल्लीतल्या सगळ्या रिक्षांचे नंबर पाठ आहेत. शिकवणीला जाते तेव्हा जिन्यात उभा असतो, ती खाली येईपर्यंत. घराला दोन कड्या, एक जाळीचं दार, दारावर कॅमेरा. वाढदिवसाला तिच्या मैत्रिणी आल्या, त्यांची दप्तरं तपासली.”

बाबांची विळी थांबली.

“मैत्रिणींची?”

“दप्तरंच तपासली, बाबा. मुलींना काही बोललो नाही.”

बाबा हसले. आवाज न करता हसले, पण पोट हलत होतं ते रायभानला दिसलं. त्याला राग आला.

“हसताय काय? जग कसं आहे ते तुम्हाला डोंगरावर बसून कळायचं नाही.”

“खरं आहे,” बाबा म्हणाले. “बरं, मला सांग, पोरीचे डोळे कुणावर गेलेत? आईवर का बापावर?”

रायभानने तोंड उघडलं.

...

तोंड तसंच उघडं राहिलं. रिक्षांचे नंबर आठवत होते. गल्लीच्या टोकाला उभा राहणारा पेपरवाला डाव्या हाताने सुटे पैसे देतो, हेही आठवत होतं. पोरीचे डोळे काही केल्या आठवेनात.

“कामावर असताना ज्याला सांभाळायचं त्याच्याकडे बघत नसतात, बाबा,” तो शेवटी म्हणाला. “त्याच्याकडे पाठ करायची आणि जगाकडे तोंड. आणि जगाचंही तोंड बघायचं नाही, हात बघायचे. आमच्या वस्तादांनी पहिल्या दिवशी शिकवलं. तोंड फसवतं, हात फसवत नाही.”

“असं म्हणाले का वस्ताद...”

“पंधरा वर्षांत एकदाही चुकलं नाही.”

बाबांनी शेवटच्या पंगतीसाठी चिरलेली वांगी पातेल्यात लोटली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि पंच्याला हात पुसले.

“पंगत बसायची वेळ झाली. खिरीची बादली घे.”

“आणि माझं उत्तर?”

“खीर गार होते, रायभान.”

भिवाबाबांची ही रीतच. नाथपंथी माणूस, कानात मुद्रा, पन्नास वर्षं त्या डोंगरावर. अंगारा द्यायचे नाहीत, प्रवचन करायचे नाहीत. दर पौर्णिमेला दुपारी भंडारा घालायचे, आणि जो कुणी प्रश्न घेऊन वर चढून येईल त्याच्या हातात काहीतरी द्यायचे. कुणाला विळी, कुणाला झाडू, कुणाला पाण्याची घागर. एक मोठे वकील एकदा मनःशांती मागायला आले होते, त्यांनी दिवसभर लसूण सोलला. पुढच्या पौर्णिमेला पुन्हा आले ते स्वतःची सुरी घेऊन.

रायभानने सफारीच्या बाह्या दुमडल्या. अंगणातून बायकांचा आवाज येत होता. लिंबाखाली पोळ्या लाटणं चाललं होतं आणि कुणीतरी खदखदून हसत होतं. रायभान दारात थबकला. तो आवाज शिवकन्येचा होता. आठ महिन्यांत त्याच्या घरात तो आवाज एकदाही निघाला नव्हता. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच.

मठाच्या ओसरीत पंगत बसली. समोरासमोर दोन रांगा, मधून वाढप्यांची वाट. पत्रावळींवर पोळी, वांग्याची भाजी, भात, आमटी, आणि द्रोणात गव्हाची गुळातली खीर. श्लोक झाला, माणसं जेवायला लागली. खिरीची दुसरी फेरी रायभानकडे आली. एका हातात बादली, दुसऱ्या हातात ओगराळं.

आता पंगतीला बसलेल्या माणसाने पहिल्या हाकेला ‘वाढा’ म्हणायचं नसतं, हे आपल्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. हात आडवा धरायचा, पुरे पुरे म्हणायचं, वाढप्याने आग्रह करायचा, मग नाइलाज झाल्यासारखं करून वाटीभर घ्यायचं. रायभानलाही हे एकेकाळी ठाऊक होतं. पण पुण्यात साहेबांच्या मागे उभं राहून राहून तो ते साफ विसरला होता.

पहिल्या पानावर कोंडाजी गुरुजी. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले, खिरीसाठी डोंगर चढून आलेले.

“खीर?” रायभानने ताठ उभ्यानेच विचारलं.

गुरुजींनी पानावर हात आडवा धरला. “नको नको, पुरे झालं.”

“ठीक.” रायभान पुढे गेला.

गुरुजी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. हात तसाच पानावर.

दुसरा बन्सी लोहार. हात आडवा. रायभान पुढे. तिसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांचे हात आडवे. रायभानला काम सोपं वाटायला लागलं. मधेच एका म्हाताऱ्याने बंडीच्या आत हात घातला, तसं रायभानने बादली खाली ठेवून विजेच्या वेगाने त्याचं मनगट धरलं.

“काय काढताय?”

“चष्मा,” म्हातारा म्हणाला. “खिरीत खोबरं आहे का बघतो म्हटलं.”

चष्माच होता. रायभानने मनगट सोडलं आणि म्हाताऱ्याची बंडी नीट करून दिली. पंगतीत खसखस पिकली. रांगेच्या शेवटी शेषराव पाटील होते. त्यांनी मात्र हात आडवा धरला नाही, उलट द्रोण पुढे केला. “येऊ द्या, दोन ओगराळी येऊ द्या.” रायभानने दोन घातली. एवढंच काय ते खपलं.

पाच मिनिटांत तो परत आला. बादली जवळजवळ तशीच भरलेली.

“झालं, बाबा. कुणालाच नको आहे.”

बाबांनी बादलीत बघितलं. मग रायभानकडे बघितलं. मग पुन्हा बादलीत.

“अख्खी पंगत उपाशी उठवतोस की, लेका.”

“सगळ्यांनी हात आडवे धरले. मी काय करू?”

बाबांनी त्याच्या हातातली बादली घेतली. ऐंशी वर्षांचं शरीर, बादली जड, पण ती त्यांनी अशी उचलली की रायभानला मदतीला हात पुढे करायचंही सुचलं नाही.

गुरुजींपाशी बाबा वाकले. वाकले म्हणजे इतके वाकले की कानातल्या मुद्रा गुरुजींच्या चेहऱ्यासमोर आल्या.

“गुरुजी, खीर.”

“नको हो, बाबा.” हात आडवा.

बाबा नुसते बघत राहिले.

...

गुरुजींच्या मिशा हलल्या. हात दोन बोटं मागे सरला. बाबांनी ओगराळं ओतलं आणि गुरुजी म्हणाले, “काय हे बाबा, तुम्ही ऐकतच नाही,” आणि खिरीत पोळी बुडवली.

पुढे बन्सी लोहार. तसाच हात, तेच शब्द. बाबा वाकले, बघितलं, आणि एक थेंबही न वाढता पुढे गेले. बन्सीने सुटल्यासारखा श्वास सोडला.

अशी सगळी रांग झाली. कुणाला ओगराळं, कुणाला अर्धं, कुणाला काही नाही. शेवटी शेषराव पाटील. पाटलांनी द्रोण पुढे केला. रायभानने घातलेली खीर त्यात तशीच होती.

“येऊ द्या, बाबा, अजून एक.”

बाबा वाकले. बघितलं. मग बादली खाली ठेवून पाटलांच्या शेजारी मांडी घालून बसले, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि आत हाक मारली, “पाटलांना ताक आणा रे, हिंग घालून.”

ताक आलं, पाटील ते मुकाट्याने प्यायले. पेला खाली ठेवून म्हणाले, “सकाळपासून पोटात कळ मारतेय. तुम्हाला कुणी सांगितलं?”

बाबा परत आले तेव्हा बादलीचा तळ दिसत होता.

रायभान खांबाला टेकून हे सगळं बघत होता. त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. पंधरा वर्षं ज्यावर पोट भरलं, ती विद्या गव्हाच्या खिरीपुढे पार तोंडावर पडली होती.

“बाबा, गुरुजींचा आणि बन्सीचा हात अगदी सारखा आडवा होता. एकाला वाढलंत, एकाला नाही. त्या हातांत तुम्हाला काय दिसलं?”

“कुणाच्या हातांत?”

“गुरुजींच्या. बन्सीच्या.”

“हात धरले होते का त्यांनी?” बाबा आठवायला लागले. “धरले असतील...”

“चेष्टा करू नका, बाबा.” रायभानचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. “दोन तासांत मला पोरीला तिकडे सोडायचंय. सोडून मी एकटा परत जाणार. दार उघडणार, कड्या लावणार, आणि आत सांभाळायला कुणीच नसणार. मला ते जमणार नाही. मी काय चुकलो ते तरी सांगा. मी तिला विचारतो, तिसरी पोळी देऊ? नको म्हणते. फिरायला नेऊ? नको. काही आणू? नको. मी ऐकतो तिचं. जबरदस्ती करत नाही. आणखी काय करायचं माणसाने?”

आता त्याच्या तोंडावरची इस्त्री पार मोडली होती. डोळे ओले झाले होते आणि ते लपवायलाही तो विसरला.

बाबांनी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग आत गेले आणि बादली पुन्हा भरून आणली.

“शेवटची पंगत बसतेय. राबणाऱ्यांची. वाढ.”

मठात शेवटची पंगत काम केलेल्यांची असायची. पोळ्या लाटणाऱ्या बाया, चुलीपाशी उभे राहिलेले गडी, पाणी भरणारे, सगळे एकत्र बसत. शिवकन्या आतल्या रांगेत भिंतीला पाठ लावून बसली होती. कपाळाला पीठ लागलेलं. समोर ओसरीचं दार सताड उघडं.

रायभान निघाला. आता तो गुरुजींची आठवण ठेवून होता. पहिल्या बाईने हात आडवा धरला तरी त्याने धाडकन ओगराळं ओतलं. “अरे मेल्या, हात भाजला,” बाई ओरडली. दुसरीला विचारलंच नाही, सरळ द्रोण भरला. ती म्हणाली, “दादा, मला गोड बंद आहे डॉक्टरांनी सांगितलेलं, आता हे कुणाच्या पदरात टाकू?” शेजारीण म्हणाली, “माझ्या टाक.” सगळ्या हसल्या. रायभान लाल झाला.

आणि मग शिवकन्येचं पान आलं.

तो तिच्यासमोर ताठ उभा राहिला. एक डोळा दाराकडे. सवयीने.

“शिवू, खीर?”

पानावर हात आडवा आला. पीठ लागलेला लहान हात.

“नको, मामा.”

रायभानचा पाय आपोआप पुढे उचलला गेला...

तेवढ्यात त्याच्या मानेवर एक तळवा पडला. भिवाबाबा मागे उभे होते, चवड्यांवर, कारण त्याशिवाय त्यांचा हात एवढ्या उंच पोहोचला नसता. बाबांनी त्याची मान खाली दाबली. आंब्याची फांदी वाकवावी तशी, हळू, पण सोडली नाही.

रायभान वाकला. आणि सफारीची पाठीवरची शिवण वरपासून खालपर्यंत टर्रकन उसवली.

पंगतीत एकच हशा उठला. कुणाच्या हातातला घास खाली पडला, कुणाला ठसका लागला. रायभानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठायला बघत होता, पण मानेवरचा हात हलेना. शेवटी त्याने गुडघे टेकले आणि बादली बाजूला ठेवली. पाठ दाराकडे, सफारी उसवलेली, वारा सरळ बनियनला लागत होता. पंधरा वर्षांत त्याची पाठ कधी उघड्या दाराकडे झाली नव्हती. दोन खांद्यांच्या मधोमध त्याला खाज सुटली.

समोर, दीड हातावर, शिवकन्या हसत होती. तोंडात घास, गाल फुगलेले, हसू आवरत नव्हतं. तिचे डोळे आईवर गेले नव्हते आणि बापावरही नाही. ते रायभानच्या आईचे होते. पिंगट, हसताना बारीक होणारे. आई जाऊन वीस वर्षं झाली होती आणि हे डोळे आठ महिने त्याच्या घरात राहत होते.

ओगराळं त्याने बादलीत सोडून दिलं.

हसू ओसरलं तशी शिवकन्या गोंधळली. मामा असा कधी समोर बसला नव्हता, असा कधी बघत नव्हता.

“नको ना, मामा,” ती पुन्हा म्हणाली. हात पानावर.

रायभानने हाताकडे बघितलं नाही. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि त्याला दिसलं, तिची नजर खिरीकडे नव्हतीच. बादलीकडे नाही, ओगराळ्याकडे नाही. ती एकदा त्याच्याकडे बघे आणि एकदा त्याच्या मागे, समोरच्या रांगेकडे.

त्याने वळून बघितलं. समोरच्या रांगेत, अगदी तिच्यासमोर, एक पत्रावळ रिकामी मांडली होती. पाण्याचा तांब्याही ठेवला होता. पानासमोर माणूस नव्हता.

“ते कुणाचं पान?”

शिवकन्येने घास गिळला.

“तुमचं. मी मांडलं.”

“माझं? मी नंतर जेवेन, शिवू. तू खा. मी उभा आहे ना.”

“तेच ना,” ती म्हणाली.

“काय तेच?”

ती पानातल्या भाताशी बोटाने खेळत राहिली...

“मी जेवायला बसले की तुम्ही दारात उभे राहता. पाठ करून. मला वाटतं, तुम्हाला कुठे तरी जायचं असेल, माझ्यामुळे थांबलात. मग मी लवकर लवकर जेवते आणि उठते.”

पंगतीतलं हसणं थांबलं होतं. बाया आपापल्या पानाकडे बघत हळूहळू जेवत होत्या, आणि अर्थातच सगळ्यांचे कान इकडे होते.

“म्हणून तिसरी पोळी नको म्हणतेस?”

तिने मान डोलावली.

रायभानने विचारलं, “आणि वसतिगृह?”

“तिथे चाळीस जणी एका वेळी जेवायला बसतात. मी विचारलं होतं फोनवर. वाढणाऱ्या बाई पण शेवटी सोबत बसतात.”

...

रायभान शेलारने आयुष्यात दोनदा अंगावर वार झेलला होता. एकदा खांद्यावर, एकदा दंडावर. दोन्ही वेळा तो ‘आई गं’ सुद्धा म्हणाला नव्हता. आता तो ओसरीत गुडघ्यांवर बसून सगळ्यांदेखत रडला. आणि नवल म्हणजे रडता रडता त्याला इतकं हलकं वाटत होतं की त्याचं त्यालाच कळेना. पोर त्याला कंटाळून चालली नव्हती. तिला फक्त समोर कुणीतरी जेवायला हवं होतं.

“मी समोर बसलो तर?” त्याने विचारलं.

“आज?”

“रोज.”

“रोज?” शिवकन्येने त्याला नीट न्याहाळलं. विश्वास ठेवावा का नाही, हे ती अगदी मोठ्या माणसासारखं बघत होती. “आणि साहेबांचा फोन आला तर?”

“वाजू दे.”

“आणि मैत्रिणी आल्या तर?”

“त्यांनाही वाढीन. दप्तरांना हात लावणार नाही.”

बायांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. शिवकन्याही हसली, पण लगेच गंभीर झाली.

“तुम्हाला त्रास असेल तर राहू दे, मामा. जाते मी वसतिगृहात. मला चालेल.”

सकाळी हेच वाक्य ती बोलली असती तर रायभान ‘ठीक’ म्हणून पुढे सरकला असता, पेटी उचलून गाडीत ठेवायला. आता तो जागचा हलला नाही. तो आणखी थोडा वाकला, तिच्या तोंडाकडे बघितलं, बघत राहिला. तिने ओठ घट्ट मिटले होते. मग ते एका कोपऱ्यातून सुटायला लागले.

“नाही चालणार तुला,” रायभान म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली, आणि पानावरचा हात तिने डोळे पुसायला नेला. डोळ्यांना पीठ लागलं.

रायभानने संधी साधून द्रोण काठोकाठ भरला.

“मामा, मला खरंच खीर नको होती.”

“माहितेय. आता खा.”

ती हसत हसत खायला लागली. रायभान उठला, उसवलेल्या पाठीसकट, खिशातून फोन काढला आणि वसतिगृहाच्या बाईंना लावला.

“बाई, शेलार बोलतोय. नाही, आज येणं होत नाही... नाही, उद्याही नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्या... कोण? पालक?” त्याने समोरच्या रिकाम्या पानाकडे बघितलं. “पालक जेवायला बसतायत, बाई.”

फोन ठेवून तो त्या पानावर जाऊन बसला. एवढा थोरला देह, पत्रावळीमागे मांडी घालून बसायलाच त्याला वेळ लागला. शिवकन्येने समोरून त्याच्या पानाकडे बोट दाखवलं, एका बाईने दोन पोळ्या टाकल्या, दुसरीने वांग्याची भाजी. रायभानने पहिला घास घेतला. समोर पोर जेवत होती, सावकाश, आणि तिने स्वतःहून पोळी मागितली. तिसरी.

त्याला वाटलं, या क्षणी साहेबांनी अख्खी इमारत देऊ केली तरी आपण इथून उठणार नाही.

पण शरीराची सवय अशी एका जेवणात जात नाही. दार मागे होतं. उघडं होतं. बाहेर पायऱ्यांवर कुणाच्या तरी वहाणा वाजल्या. रायभानचे खांदे ताठ झाले, मान वळायला लागली. तो घास हातात धरून तसाच अवघडून बसला.

“मामा, जेवा ना,” शिवकन्या म्हणाली. “दार मला दिसतंय इथून.”

रायभानने मान वळवायची थांबवली. मोठ्या कष्टाने थांबवली. भिवाबाबा बादली घेऊन त्याच्यापाशी पोहोचले होते.

“बाबा,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “पण खरंच कुणी आत आलं तर?”

बाबा वाकले.

“आलं तर त्याचंही पान मांडू. जेव तू.”